ठकीबाईने उलटवलेला चार्जर

कम्युनिटीतल्या सगळ्यांना एक विचारायचंय. आत्ताच सिद्धगडाखालच्या वाडीतून मुरबाडला परतलेय.

मी नर्स आहे. वाडीत कालपासून वीज नाही आणि माझा मोबाइल बंद पडलेला. तिथल्या ठकीबाईची सून बाळंतपणाला मुरबाडच्या दवाखान्यात होती, खबर माझ्याच फोनवर येणार. म्हणून भावाने दिलेला सोलर चार्जर मोबाइलला लावला, ठकीबाईच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांशेजारी ठेवला आणि पोरांना लस टोचायला गेले.

दोन तासांनी येऊन बघते, तर मोबाइल बंदच. चार्जर पालथा पडलेला!

"मीच उलटला," ठकीबाई म्हणाली. "फुलं उलटली, तवा त्यालापन उलटला. एकाच अंगाला किती ऊन द्यायचं, बाय?"

मला हसूच फुटलं. चार्जर सुलटा केला. तासाभराने मोबाइल सुरू झाला, दवाखान्यात फोन लागला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप.

ठकीबाईने डोळे पुसले. मग चार्जर हातात घेऊन निरखत बसली.

"माझी फुलं या उन्हावर पावसाळाभर टिकतात. ह्याच्यात भरलेलं ऊन किती दिस टिकतं गो?"

मी पुन्हा हसले, कारण मला उत्तर येत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला येतं? उद्या ती नात बघायला इथे येतेय. तिसऱ्यांदा हसून वेळ मारून न्यायची नाहीये मला.