जोडी न लागलेली झाकणं

त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघायचे. कप, घड्याळ, टेबलपंखा, सगळं. "आधी तळ," म्हणायचे. "झाकण काय, लोकांना दाखवायला असतं." पहिल्या दिवाळीला मी चिवड्याचा डबा नेला, तोही त्यांनी सवयीने पालथा केला. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून काउंटरखालचे शेंगदाणे वेचतोय, आणि ते एकेक दाणा तोंडात टाकत म्हणतायत, "ताजा आहे. याच आठवड्यातला."

उरायासुला त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. दुकानाच्या मुख्य माणसाला इथे जपानमध्ये तेन्चो म्हणतात, म्हणून मीही तेन्चोच म्हणायचे. ते मला ओकुसान म्हणायचे, आपल्याकडे वहिनी म्हणतात तसं. मी ग्योतोकुला राहते, तिथून दोन स्टेशनं. नवरा योकोहामाच्या एका व्यापारी कंपनीत. आमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या मराठी बायका कुणी इंजिनिअर, कुणी एमबीए. माझी शाळा नववीत सुटली ती सुटलीच. अर्धवेळ काम मागायला मी सात दुकानांत गेले, सगळीकडे फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्याशी पेन अडायचं. तेन्चोंनी माझा फॉर्म उलटा केला, मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, "उद्या साडेनऊला या."

हा एकच उपकार असता तर मी एवढं लिहायला बसले नसते. आम्ही घर बदलायला निघालो तेव्हा एजंट परदेशी माणसांना नको म्हणाला. तेन्चो काळा सूट घालून आले. त्यांच्याकडे सूट एकच, लग्नाला तोच आणि मयतालाही तोच. "मी यांचा हमीदार," म्हणाले आणि खुर्चीत बसले. भांडण नाही, आवाज नाही. कागद तयार होईपर्यंत नुसते बसून राहिले. एजंटाला शेवटी आपण कुणाच्या तरी मयताला आलोय असं वाटायला लागलं असावं.

ते स्वतःसाठी गोळा करायचे ती एकच गोष्ट, काडतुसांचे रिकामे खोके. छऱ्याच्या बंदुकीची काडतुसं पूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्यात यायची. खालचा तळ वेगळा, वरचं झाकण वेगळं, झाकणावर बदक नाहीतर ससा. त्यांच्या वडिलांचं डोंगरातल्या गावी बंदुकांचं दुकान होतं, तिथले हे खोके. खोका कधीचा ते ओळखायला त्यांनी मला शिकवलं. अक्षरं उजवीकडून डावीकडे असली तर युद्धाच्या आधीचा. खोक्यावर छापलेला दुकानाचा फोन नंबर जितका लहान तितका खोका जुना. तांदळाच्या खळीने चिकटवलेला असेल तर किड्यांनी कडा खाल्लेल्या असणारच. जुना म्हणून विकायला आणलेला खोका धडधाकट दिसला की ते हसायचे. "याला किडेसुद्धा फसले नाहीत."

एकदा कुणीतरी चौकीत कळवलं की दुकानात दारूगोळा आहे. कोवळा पोलीस दारात उभा राहिला. मला पोलीस दिसला की व्हिसाच आठवतो. तेन्चोंनी त्याच्या हातात एक खोका ठेवला आणि विचारलं, कधीचा? अर्ध्या तासाने तो पोलीस भिंग लावून फोन नंबरचे आकडे मोजत होता.

आता ज्याच्यासाठी हे लिहिते आहे ते सांगते. तुमच्याही पाहण्यात असा कुणी असेल, जो मनातला राग आपल्यासारखा ओरडून संपवत नाही, लोणच्यासारखा मुरवतो.

२०११ च्या त्या मोठ्या भूकंपात उरायासुची भराव घातलेली जमीन अक्षरशः पातळ झाली. तेन्चोंच्या घरात चिखल वर आला, घर एका अंगाला कललं. मी तेव्हा त्यांच्याकडे नव्हते, हे सगळं नंतर ऐकलं. मदतीला त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र आला. निवृत्त हेडमास्तर, त्यालाही हाच नाद. त्रेचाळीस खोके ओले झाले होते. "मी नेऊन वाळवतो," हेडमास्तर म्हणाले आणि घेऊन गेले. महिन्याने निरोप आला, सगळे कुजले, टाकून द्यावे लागले. सोबत दिलगिरी म्हणून मिठाईचा पुडा. तेन्चोंनी मिठाई खाल्ली आणि आभाराचं पत्र पाठवलं.

दोन वर्षांनी असे खोके जमवणाऱ्या शौकीन मंडळींच्या चार पानी पत्रकात फोटो आले. 'हेडमास्तरांचा दुर्मीळ संग्रह'. खोके त्रेचाळीस, प्रत्येकाखाली साल. तेन्चोंनी पान माझ्यापुढे सरकवलं. मला वाटलं, आता ते भडकणार. ते हसत होते.

"बघा, ओकुसान. झाकणं वेगळी वाळवली, तळ वेगळे. आणि मग जोड्या चुकवल्या."

त्रेचाळिसांतली एकही जोडी बरोबर नव्हती. सशाचं झाकण बदकाच्या तळावर. खालचा खोका युद्धाच्या आधीचा, वरचं झाकण नंतरचं, आणि साल तिसरंच. कुठलं झाकण कुठल्या तळाचं हे फक्त त्या खोक्यांसोबत लहानाचा मोठा झालेला माणूसच सांगू शकला असता.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ या. बोलले मीच आणि घाबरलेही मीच.

"पोलीस खोके आणून देतील," ते म्हणाले. "मला खोके नकोत. मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवंय. 'तुझे होते, मी घेतले.' तेवढंच."

मग सुरू झाली कार्डं. पत्रक तीन महिन्यांनी निघायचं आणि दर अंकासाठी तेन्चो एक पोस्टकार्ड पाठवायचे; ते अक्षरासकट जसंच्या तसं छापलं जायचं. भाषा इतकी नम्र की वाचताना मान आपोआप खाली जावी. हेडमास्तरांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी. 'आदरणीय सेन्सेईंच्या नजरेतून निसटलं असावं, परंतु सातव्या खोक्याचं झाकण एकोणिसाव्या तळाचं आहे. आतल्या घडीवर खोका कुठल्या हिवाळ्यातला याची शिशाच्या पेन्सिलीने केलेली नोंद सापडेल.' घडी फोटोत दिसत नव्हती. हेडमास्तरांना घरी जाऊन खोका उघडावा लागला असणार, आणि नोंद तिथे सापडली असणार. पत्रकाच्या वाचकांना हे ज्ञान वाटायचं. एकाच माणसाला कळत होतं की हे काय आहे.

कार्ड लिहायचं मी. माझी जपानी अक्षरं म्हणजे गुरं उधळल्यासारखी. माझी मुलगी लोळून हसते. मी म्हटलं, तेन्चो, तुमच्या हाताने लिहा, लाज जाईल.

"तुमचंच अक्षर हवं," ते म्हणाले. "जन्मभर त्याने पोरांच्या वह्यांवर लाल शाई फिरवली. आता तिसरीतलं पोर त्याची चूक काढतंय, असं दिसू दे."

सुरुवातीला प्रत्येक कार्ड पेटीत टाकण्याआधी मी मागे वळून बघायचे. कुणी तक्रार केली तर? व्हिसाचं काय? ते म्हणायचे, खरी तारीख लिहिली म्हणून कुणाला देशाबाहेर काढत नाहीत. चौथ्या-पाचव्या कार्डापासून वळून बघणं थांबलं. खरं सांगू का, मी त्या दिवसाची वाट बघायला लागले.

तीन वर्षांत बारा कार्डं झाली. वाक्य काही आलं नाही. मग तेन्चोंच्या फुप्फुसात काहीतरी निघालं. हॉस्पिटलात ते डोळे मिटून पडायचे आणि मला उरलेल्या एकतीस जोड्या सांगायचे. सांगताना दोन्ही हात पांघरुणावर हलायचे, झाकण उचलल्यासारखे, हलकेच बसवल्यासारखे. मधेच थांबून म्हणायचे, "याचा एक कोपरा मी दाताने चावलाय. पाच वर्षांचा होतो." मी वहीत तेही लिहिलं. वही पूर्ण झाली आणि त्या आठवड्यात ते गेले.

अंत्यविधीला हेडमास्तर आले. सगळ्यांत खोल तेच वाकले. चेहऱ्यावर दुःख होतं, नव्हतं असं म्हणणार नाही. पण खांदे मोकळे झाल्यासारखे वाटले मला. संपलं एकदाचं, असे.

पुढच्या अंकात तेरावं कार्ड छापून आलं.

दुकान तेन्चोंच्या बायकोने चालू ठेवलंय, मलाही ठेवलंय. एका सकाळी हेडमास्तर आत आले. हातात कापडात बांधलेला मोठा गठ्ठा. काउंटरवर ठेवून त्यांनी गाठ सोडली. त्रेचाळीस तळ, त्रेचाळीस झाकणं, सगळी सुटी. मी चहा दिला.

"ओकुसान, उरलेल्या जोड्या सांगा," ते म्हणाले. "रोज लावून बघतो, रोज काढतो. मला काही सुचत नाही."

मी विचारलं, "हे कुणाचे आहेत?"

"मी जपून ठेवले होते."

"कुणाचे?"

ते चहाकडे बघत राहिले. चिखलात गेले असते, म्हणाले, मी वाचवले. मी थांबले. वही काउंटरखाली, माझ्या गुडघ्याला लागत होती. ते एक वाक्य बोलले असते तर मी तिथल्या तिथे वही काढून दिली असती, हेही खरं. चहावरची वाफ गेली.

"तीस राहिल्या आहेत," मी म्हटलं. "पत्रक तीन महिन्यांनी निघतं. दर अंकाला एक."

त्यांनी मनात हिशेब केला, तो मला त्यांच्या तोंडावर दिसला.

"माझं वय ब्याऐंशी आहे. तेवढं आयुष्य नाही माझ्याकडे."

"त्यांच्याकडेही नव्हतं."

त्यांनी गठ्ठा बांधायला घेतला. गाठ बसेना. एरवी म्हातारं माणूस असं धडपडताना मी बघत उभी राहत नाही, माझ्या आईने तसं वळण लावलेलं नाही. त्या दिवशी उभी राहिले. दारात त्यांच्या गठ्ठ्यातून एक झाकण निसटून पायरीवर पडलं. वाकून त्यांनी ते उचललं, हातात धरलं आणि काचेतून माझ्याकडे बघितलं.

एका कोपऱ्यावर बारीक दातांचे वण होते. ते कुठल्या तळाचं, मला पाठ होतं. मी फडकं घेतलं आणि काउंटर पुसायला लागले.