खाली राहणाऱ्या बायका

धारला रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे ऐकता ऐकता उमाबाई पतंगे म्हाताऱ्या झाल्या. देवासचं माहेर सोडून त्या या गल्लीत आल्या तेव्हा नवरा म्हणाला होता, पुढच्या दिवाळीला तुला आगगाडीने माहेरी पाठवीन. नवरा विठोबा शिंपी, बँडवाल्यांचे लाल कोट शिवणारा. तो गेला, त्याचं मशीन उमाबाईंकडे आलं, त्यावर त्यांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांची झबली-टोपडी शिवली, आणि आता कुठे रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ जाणार होते ते नेमके त्यांच्या गल्लीतून.

उमाबाईंना याचं फारसं दुःख नव्हतं, हे शहाण्या माणसांना पटायचं नाही. गल्लीत ऊन म्हणून यायचं नाही आणि पावसाळ्यात गटार उंबऱ्याशी यायचं. बदल्यात गावाबाहेर तिरला गावाच्या बाजूला मोकळी जागा मिळणार होती. जवळ शाळा, दारात बस, सगळी गल्ली एकत्र. उमाबाई जाऊन बघून आल्या आणि मशीन कुठे ठेवायचं तेही ठरवून आल्या.

त्यांचं हिंदी मात्र गल्लीच्या करमणुकीचा विषय होतं. जन्म माळव्यात गेला तरी बाई बोलायच्या मराठीच, फक्त शेवटी ‘है’ लावून.

कुठल्या घरात कोण राहतं याचा सर्वे करायला अपेक्षा नावाची मुलगी आली. गल्लीतल्या घरांची रीत अशी की वर मालक, खाली भाडेकरू. उमाबाईंचे घरमालक भैयासाहेब यांनी सोय म्हणून सगळ्या बायकांना आपल्या वरच्या गॅलरीत बोलावलं. चहा झाला.

“आपका मकान, अम्मा?” अपेक्षाने विचारलं.

“हमारा तो खाली है,” उमाबाई म्हणाल्या.

“हमारा भी खाली है,” शेजारची पार्वती म्हणाली. मग एकीमागून एक सगळ्या भाडेकरणींचं खालीच निघालं. अपेक्षाने लिहून घेतलं, नमस्कार केला आणि गेली.

जनसुनवाईच्या दिवशी मांडवात प्लॉट मिळणाऱ्यांची नावं वाचली गेली. भैयासाहेबांचं आलं, उमाबाईंचं आलं नाही. त्या तडक टेबलाशी गेल्या. साहेब म्हणाले, तिरल्याचे प्लॉट राहणाऱ्यांना आहेत. बाकीच्यांनी मागाहून अर्ज करावा, त्यांना कारखान्यांच्या मागे नाल्याकाठी बघू. त्या नाल्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं.

“अम्मा, आपने ही तो कहा था, मकान खाली है,” साहेबांशेजारी बसलेली अपेक्षा म्हणाली.

“आहेच खाली. वर भैयासाहेब राहतात.”

“साहब, मराठी में खाली मतलब नीचे,” भैयासाहेब मागून म्हणाले. “घर रिकामं असतं, तर रोज सकाळी खालून माझ्या नावाने ओरडतं कोण?”

सगळा मांडव हसला. अपेक्षाचा चेहरा उतरला. “मी पण मराठीच आहे, आजी,” ती अडखळत म्हणाली. “देवासची. समझ लेती हूँ, बोलता नाही येत.”

“देवासची? थोरल्या पातीतली की धाकट्या?”

देवासच्या जुन्या दोन गाद्यांची ही वाटणी तिला माहीत नव्हती. उमाबाईंचा राग तिथेच निम्मा झाला. माहेरच्या पोरीला किती बोलणार.

“चलिए, अम्मा का नाम आज ही जोड़ देते हैं,” साहेब म्हणाले. “तिरला पक्का.”

उमाबाई खूश झाल्या, खोटं कशाला बोला. वळल्या तर मागच्या रांगेत पार्वती दिसली. तिच्या बाजूला खालच्या मजल्यांवरच्या साऱ्या बायका बसल्या होत्या.

“तुझं नाव वाचलं का गं?”

“नाही.”

“मग उठली का नाहीस?”

“आपली नावं कुठे वाचतात, वहिनी?” पार्वती म्हणाली. “मला वाटलं, असंच असतं.”

पहिलं ‘खाली’ उमाबाईंच्याच तोंडून निघालं होतं, या बिचाऱ्या त्यांच्या मागून बोलल्या होत्या. त्या परत टेबलाशी गेल्या.

“साहेब, पहले इनका लिखो.”

“आज टाइम नहीं है. आपका तो हो रहा है ना?”

“तो मेरा भी बाद में,” म्हणून उमाबाईंनी साहेबांसमोरच्या खुर्चीत बैठक मारली. हातातलं तिरलं निसटतंय हे त्यांना कळत होतं. तरी त्या उठल्या नाहीत. भैयासाहेब येऊन त्यांच्या बाजूला उभे राहिले. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा मांडव बघितला.

“सर, चूक माझी आहे. मैं अभी लिखती हूँ,” म्हणत अपेक्षा उठली आणि माइक घेऊन थेट मागच्या रांगेत गेली. पार्वतीसमोर उभी राहून तिने एकेक शब्द जुळवला. “मावशी, तुम्ही... कुठे राहता?”

पार्वतीने पदर सावरून आधी आपलं नाव सांगितलं. माइकवरून ते मांडवभर घुमलं तशी ती स्वतःच दचकली. मग माइक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“मी इथेच राहते,” ती म्हणाली. “लग्न होऊन आल्यापासून इथेच राहते.”