गाडी होतानाचे फोटो

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. गेल्या वर्षी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं मला बोलावलं. तिथं गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट तयार होतात. नव्या ऑफिसच्या भिंतींवर लावायला त्यांना मोठे फोटो हवे होते.

साहेब लोकांचा ग्रुप फोटो झाला, मशीनच्या रांगा झाल्या. मग वेल्डिंग चाललं होतं तिथं गेले आणि अडकलेच. कॅमेऱ्याचं शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, तर ठिणग्यांचे केशरी धागे झाले. प्रेसखालून निघालेल्या पत्र्याच्या वाकणात वरचा दिवा वितळल्यासारखा पसरला होता. रंगाच्या खोलीत काचेवर उडालेला निळा रंग ओघळत होता. जेवायचंही राहिलं.

मॅनेजरांनी साधे फोटो पसंत केले. मग मी हे दुसरे टेबलावर मांडले. त्यांनी एक उचलला, उलटा धरला, सुलटा धरला.

"मॅडम, ह्यात गाडी कुठं हाय?"

"अजून व्हायचीय की, साहेब. ही होतानाची आहे."

"आमचं नाव न्हाय, मशीन न्हाय, माणूस न्हाय. आमचं काय दिसतंय ह्यात? तुम्ही आपलं लग्नाचंच बघा."

केबिनमधले सगळे हसले. माझे कान तापले.

"तुमचं काहीच दिसत नाही ना? मग मी यांचं प्रदर्शन भरवते."

"भरवा की! कोण बघणार हाय?"

शाहूपुरीत एक छोटा हॉल घेतला. नवरा म्हणाला, "लोक हसतील. निदान खाली काय ते लिही तरी."

"हसू देत. हसायला तरी आत येतील."

एक अक्षर लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी माणसं आली, मान हलवून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच कारखान्यातले एक वेल्डर बायकोला घेऊन आले. बाई केशरी धाग्यांसमोर थांबल्या.

"हे काय वो?"

"माझं काम."

"रोज एवढं चांगलं दिसतंय व्हय तिथं?"

"मला कुठलं दिसतंय? डोळ्यावर काळी काच असती की."

मग ते स्वतःच फोटोजवळ सरकले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायले.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरांचा फोन आला. त्यांना दोन फोटो हवे होते, पण त्यावर मधोमध कंपनीचं नाव छापून. मी म्हटलं, "नाव भिंतीवर लावा. फोटोवर नाही." त्यांनी फोन ठेवला. तिथलं काम परत आलं नाही.

न येऊ दे. आता शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनाचं ओतकाम टिपतेय. तिथल्या मालकांनी विचारलं, "ह्याचा उपयोग काय?"

"ते अजून ठरवलं नाही," मी म्हणाले आणि कॅमेरा स्टँडवर चढवला.