गळ्यावरचं चुंबक

हिंगोली स्टेशनच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, त्यामुळं जगाला शहाणं करण्याची सगळी जबाबदारी माझ्यावरच होती. तिच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती. गाठीवर लोखंडाच्या किसाची पुरचुंडी बांधलेली आणि तिला मोडक्या रेडिओतलं चुंबक चिकटवलेलं. ते जागेवर आहे ना, म्हणून ती सारखी चाचपून बघायची.

"मावशी, चुंबक लोखंड ओढतं, गाठ न्हाई," मी ऐटीत सांगितलं.

"म्हाईत हाय, बाई. म्हणून तर मोठ्या दवाखान्यात चालले."

"मग हे काहून?"

"चिकटून तरी राहतंय. माज्याजवळ बाकी कोण राह्यलं?"

मी जवळ सरकून वाकले, तर केसातला सैल आकडा टुणकन चुंबकाला चिकटला. ती खळखळून हसली. "बघ, तुजं बी आलं!"

गाडी आली. माझा आकडा गळ्याशी घेऊन ती चढली.

परवा नात सांगत होती, आता गाठीत लोखंडाचे अगदी बारीक कण सोडतात आणि बाहेरून चुंबकाच्या जोरानं तापवून वाईट पेशी मारतात. "आजी, कळलं का?"

"कळलं गं," मी म्हटलं. "पण तेवढा वेळ शेजारी कोण बसतं?"