शोकेसमधली बाई

आबिड्सच्या बाजारातलं आमचं दुकान बंद पडून बरीच वर्षं झाली. आमचं म्हणजे मालकीचं नव्हे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथं तीस वर्षं नोकरीला होते, आणि तीस वर्षांनंतर नोकरदाराच्या घरच्यांनाही 'आमचं' म्हणायचा हक्क मिळतो असं माझं मत आहे. तीन मजले, जाळीच्या दाराची लिफ्ट, खाली अत्तरं आणि काचेची भांडी, मधल्या मजल्यावर कापड, वर खेळणी. आता तिथं मोबाइल विकतात. मी एकदा दारात उभी राहून जुन्या दुकानाचं नाव घेतलं, तर तिथला सेल्समन ते नाव फोनमध्ये शोधायला लागला. मला त्याचा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, या दुकानाचा इतिहास आपणच लिहायचा.

तारनाक्याच्या शाळेतली नोकरी संपली होती, वेळ रग्गड होता. मुलगी म्हणाली, लिहितेस कशाला, बोल, मी रेकॉर्ड करते. ती मराठी अक्षरं लावत लावत वाचते. मी म्हटलं, मी मराठीतच लिहिणार, तू वाचायला शीक. ती हसली. शिकेल असं काही वाटत नाही, पण लिहायला कोणीतरी समोर असावं लागतं.

मग मी वही घेऊन माणसं शोधत हिंडले. जुनी गिऱ्हाइकं, हिशेबनीस, लिफ्ट चालवणारे एक म्हातारे गृहस्थ. दुकानातलं काय आठवतं असं विचारलं की सगळे आधी एकच सांगायचे, शोकेस. रस्त्याच्या बाजूला काचेमागे एक पुतळी उभी असायची आणि दर शुक्रवारी तिची साडी बदलायची. दिलसुखनगरच्या एक बाई लग्नानंतरची पहिली दोन वर्षं नवऱ्याबरोबर बसनं नुसती ती शोकेस बघायला यायच्या. आत पाऊल टाकायची ऐपत नव्हती, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पुढं म्हणाल्या, दुसऱ्या दुकानांत पुतळ्या उभ्या असायच्या, तुमच्या दुकानातली बाई मात्र कुठंतरी निघालेली असायची.

ती शोकेस दादांच्या हातची. ऐकताना माझा ऊर भरून यायचा, आणि पाठोपाठ मी चोरी केल्यासारखी मान वहीत घालायचे. कारण ती बाई कुठं निघाली आहे हे दादा ठरवत नसत. ते माझी आई ठरवायची.

दर गुरुवारी संध्याकाळी चहा झाला की आमच्या पुढच्या खोलीत आई स्टुलावर उभी राहायची. दादा तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. सुती साडी लावायची असेल तर आईची घरातली, रेशमी असेल तर लग्नातला शालू. हात जरा लांब धरून तिनं पुतळीसारखं निश्चल राहायचं, असा करार होता. हात ती हलवत नसे, तोंडावर मात्र तिचा ताबा नव्हता. "आधी सांगा, ही चालली कुठं?" ती विचारायची. दादांना ते कधीच सुचायचं नाही. मग तीच सांगायची, ही बारशाला निघाली आहे, घाईत आहे, पदर नीट पिनअप नका करू. ही भावाला भेटून आली आहे, हिच्या निऱ्या बसून बसून चुरगळू देत. पहिली निरी रुंद घ्या, बाकीच्या तिच्या पोटात घाला. आणि दर आठवड्याला, न चुकता, एक वाक्य. दादा तिच्या समोर उभे असत, त्यामुळे त्यांचं डावं-उजवं हटकून उलटं व्हायचं. "तुमचा डावा नाही, माझा डावा," आई म्हणायची. इतक्या वर्षांत ते त्यांना एकदाही जमलं नाही. मी कोपऱ्यात गृहपाठ करत असे, आणि ते वाक्य आलं की मला उगाचच बरं वाटायचं.

आई त्या दुकानात कधी गेली नाही. शोकेस ती समोरच्या फुटपाथवरून बघायची, माझा हात धरून. आत चल म्हटलं तर म्हणायची, आपलं काय काम तिथं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे जी पिकवत होती ती दारातसुद्धा गेली नाही.

मी चौथीत असताना दिवाळीची शोकेस फारच गाजली. मॅनेजरनी सगळ्या कामगारांसमोर दादांना हार घातला. दादा मिठाईचा पुडा घेऊन घरी आले आणि घडलेलं सगळं सांगितलं, कोण काय बोललं, कुणी टाळ्या वाजवल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं सांगितलं का तुम्ही?" दादा पाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन परभणीच्या गाडीत बसली. आम्ही तीन आठवडे तिच्या माहेरी राहिलो. मग माझी शाळा बुडते म्हणून परत आलो. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही, आणि पुढच्या गुरुवारी आई स्टुलावर उभी राहिली.

आता आई ऐंशीच्या पुढं आहे, माझ्याकडेच असते. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. वहीत शोकेसचं पान आलं तेव्हा मी तिला सांगितलं की मी खरं ते लिहिणार, ही कला तुझी होती म्हणून. तिनं वाटाणे सोलता सोलता मान वर केली.

"नक्को लिहू," ती म्हणाली. "त्यांनी हयातभर कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या माघारी तू कशाला सांगायलीस? त्यांची शोभा व्हायची."

मी हुज्जत घातली. इतिहासात कुणाची भीड ठेवायची नसते वगैरे बरंच शिकवलं तिला, जसं काही ती सातवीतली मुलगी होती. वाटाण्याची टरफलं उचलून ती आत गेली, आणि जाताना तिचा चेहरा मला दिसला. तिला दादांची अब्रू राखायची होती हे खरंच, पण तिच्या पोटात ते जुनं दुखणं अजून होतं. त्यांनी सांगितलं नाही. पन्नास वर्षांत ते जराही कमी झालं नव्हतं. शोकेसचं पान मी कोरं ठेवलं.

महिन्याभरानं मलकपेटला आपांकडे गेले. सगळं दुकान त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचं. लेस आणि बटणांच्या काउंटरवर त्या असायच्या, आता गुडघ्यांनी घरी बसवलेल्या. दादांचं नाव घेताच त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मला जवळ बसवून घेतलं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "अम्मी कैसे हैं? शोकेस तो उनीच का था ना?"

तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं. आपांना माझंच नवल वाटलं. म्हणाल्या, सगळ्या दुकानाला माहीत होतं, घरच्या मुलीला कोण कशाला सांगेल.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर एका शुक्रवारी शोकेस उघडली तर पुतळीचा पदर उजव्या खांद्यावर. बेगम बाजारातल्या मारवाडी बायका उजव्या खांद्यावर पदर घेतात, पण मागून पुढे. हा पुढून मागे गेलेला. म्हणजे ना धड त्यांचा, ना धड आपला. काचेबाहेर बायकांची गर्दी जमली, हसू लागल्या, एकमेकींना पदर ओढून दाखवू लागल्या. मॅनेजर तणतणत खाली आले. त्यांनी दादांना सगळ्यांसमोर विचारलं की तुमच्या हाताला झालं काय. आणि माझे दादा, जे घरी पाय धुवायला पळाले होते, ते तिथं खाली मान घालून म्हणाले की हात माझा कधीच नव्हता, साहेब. घरात उभी राहून ती सांगते. डावं-उजवंसुद्धा तीच सांगते. ती माहेरी गेली आहे.

आपा म्हणाल्या, त्यानंतर पदराची एक चुणी जरी वाकडी दिसली तरी कोणीतरी दादांना विचारायचं, भाभींची तब्येत बरी आहे ना?

"मॅनेजर साब बोले, उतारो इसकू," आपांनी पुढं सांगितलं. "किधर जारी ये औरत ऐसी उल्टी? तो उनों बोले, साब, ये जा नई री. ये वापस आ री. रहने दो."

मॅनेजरांनी राहू दिली. आठवडाभर ती तशीच उलट्या पदरानं काचेमागे उभी होती, म्हणे.

घरी येताना बसमध्ये मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. राग आला तो वेगळा. या माणसानं अख्ख्या दुकानाला सांगितलं, फक्त जिला सांगायचं तिला सोडून.

आई पलंगावर बसून वेणी घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, आपांचे शब्दही जसेच्या तसे. वेणी अर्धी राहिली. मग म्हणाली, "आपण आलो तेव्हा ती पुतळी होती का गं तशी?"

मी म्हटलं, नसणार, तोवर दोन शुक्रवार उलटले असतील.

"मला का नाही बोलले?" तिनं मला विचारलं, जसं काही मला ते ठाऊक असावं. "मी त्यांना दर गुरुवारी तोंडावर विचारत होते, ही चालली कुठं म्हणून. एकदा तरी सांगायचं." तिनं डोळे पदरानं पुसले, बराच वेळ पुसत राहिली. मी तिची वेणी पुरी केली. केस आता इतके थोडे राहिलेत की वेणी दोन मिनिटांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच वही आणून माझ्यासमोर ठेवली.

"लिही," ती म्हणाली. "माझं लिही, त्यांचंबी लिही. आणि तो पदर उजवीकडे गेला होता, ते गाळू नको." मी पेन उघडलं तरी ती तिथंच उभी होती. "मी नव्हते ना घरी."