एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

माझी आत्या एका प्रकाशनसंस्थेच्या गोदामात सव्वीस वर्षं पुस्तकं पाठवायचं काम करते. चिडली की ती आवाज चढवत नाही, शब्द मोजून बोलायला लागते. त्या मंगळवारी ती सकाळपासून मोजूनच बोलत होती.

निमित्त एका फोनचं. एका जुन्या कादंबरीच्या पहिल्या पानावर गोदामाचा नंबर छापलेला होता. ई-पुस्तक झालं तेव्हा ते पानही तसंच आत गेलं, त्यामुळे फोन थेट तिच्या टेबलावर वाजला. पलीकडे एक निवृत्त नर्स होत्या. नजर अधू झाल्यापासून त्या मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचत.

"अहो ताई, एक विचारू? हसू नका हं. त्या टेलिफोनवालीचं भावाशी भांडण पुस्तकात दोनदा होतं का हो?"

"दोनदा? नाही."

"मग मीच दोनदा वाचलं. शब्द न् शब्द तोच. आणि पुढे सरकले तर बाई भलत्याच शहरात, कडेवर मूल! घर कधी सोडलं, मूल कुणाचं, काही पत्ता नाही. मुलगा म्हणतोच हल्ली, आई तू विसरतेस. शनिवारी डॉक्टरकडे नेणार आहे मला."

आत्याने वळून दारामागच्या फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या जोडून बांधतात. त्या जुडीला फर्मा म्हणतात. बांधणाऱ्याचा हात चुकला की एक फर्मा दोनदा लागतो आणि त्याच्या पुढचा राहून जातो. अशी प्रत दुकानात जाऊ नये म्हणून आत्या प्रत्येक पुस्तकाची पानं अंगठ्याखालून सोडते. चूक सापडली की प्रत फळीवर. या कादंबरीची अशी एक प्रत तिथे अकरा वर्षं पडून होती. सातवा फर्मा दोनदा, आठवा नाहीच.

आता झालं असं होतं. जुन्या पुस्तकाची फाइल नसली की ते स्कॅन करावं लागतं. स्कॅन करायचं तर पुस्तकाची पाठ कापून पानं सुटी करायची, म्हणजे ती प्रत गेलीच. सगळं स्क्रीनवरच्या आकड्यांत बघणाऱ्या नव्या मॅनेजरने, ज्याला सगळे पाठीमागे 'डॅशबोर्ड' म्हणत, काटकसर म्हणून सांगून ठेवलं होतं: चांगल्या प्रती कापू नका, त्या खराब फळीवरच्या घ्या. प्रती तिथे का ठेवल्यात, हे विचारायला कुणी आलं नाही. आत्या त्या आठवड्यात तापाने घरी होती.

"तुमचं डोकं जाग्यावर आहे," आत्या फोनवर म्हणाली. "बिघाड आमच्याकडे आहे. डॉक्टरकडे जायचं तर मुलालाच न्या."

पलीकडून खुदकन हसू आलं. फोन ठेवून आत्या उठली.

डॅशबोर्डच्या केबिनमध्ये ती उभीच राहिली.

"साहेब, टेलिफोनवालीच्या पुस्तकातली सोळा पानं नाहीत."

"ताई, चार पूर्णांक दोन रेटिंग आहे त्याला. एक तक्रार नाही."

"तक्रार कशाची करतील? पान नाही हे त्यांना कळणार कसं? लेखिकेलाच लिहिता येत नाही म्हणत असतील. ती बाई वारली, सांगायलाही येणार नाही."

"बरं. पुढच्या लॉटमध्ये घेऊ. तीन महिन्यांनी."

"आणि दारात ट्रक उभा आहे, त्याचं काय?"

त्या ट्रकमध्ये इतर गठ्ठ्यांबरोबर त्याच कादंबरीच्या तीनशे चाळीस चांगल्या प्रती चढत होत्या. ई-पुस्तक आलं, आता जागा कशाला अडवायची, म्हणून कागदाचा लगदा करायला. ट्रक गेला की आठवा फर्मा संस्थेकडे कुठेच उरणार नव्हता.

"ते सिस्टीममध्ये झालंय," डॅशबोर्ड म्हणाला. "तुमच्या सहीची आता गरज नाही."

आत्या बाहेर आली. ड्रायव्हर टायरला टेकून उभा होता.

"तुम्हाला सहीचा कागद लागतो की नाही?"

"लागतो तर! लगद्याच्या फाटकावर कागदाशिवाय आत घेत नाहीत. सिस्टीम दाखवली तर म्हणतात, हिला शिक्का मार."

"मग चहा घ्या निवांत. कागद नाही मिळायचा."

चाळीस मिनिटं ट्रक फाटक अडवून उभा राहिला. मागे छापखान्याची गाडी हॉर्न वाजवत होती. शेवटी डॅशबोर्ड स्वतः खाली आला.

"काय हवंय तुम्हाला?"

"एक चांगली प्रत आणि स्कॅनिंगची मुलगी. आत्ता. आणि दहा प्रती माझ्या कपाटात."

"पाच."

"दहा. हा बाजार नाही."

आत्याने गठ्ठा सोडला, एक प्रत घेतली, फर्मे एकेक करून तपासले. कटरचं पातं खाली आलं तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही. प्रत्येक पान काचेवर पडताना तिने आकडा मोठ्याने म्हटला. स्कॅनिंगची मुलगी म्हणाली, "ताई, शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतंय." आत्या हसली नाही. एकशे तेराला मात्र जरा जोरात म्हणाली.

मग तिने कागदावर सही केली. ट्रक गेला. तीनशे एकोणतीस प्रती गेल्या.

नवी फाइल विक्रीच्या साइटवर चढायला चार दिवस लागणार होते.

"ज्यांनी आधीच घेतलंय त्यांचं काय?" तिने विचारलं.

"दोनशे अकरा जण आहेत," डॅशबोर्ड म्हणाला. " कोण ते आपल्याला माहीत नसतं, ताई. साइट आपल्याला फक्त आकडा देते."

सव्वीस वर्षं ती दुकानदारांना आवाजावरून ओळखत आलीय. कुणाकडे प्रत फाटकी पोचली तर कुणाला फोन करायचा हे तिला पाठ असायचं. आणि आता दोनशे अकरा माणसं, आणि नाव एकाचंही नाही. फक्त एकीचं होतं, तेही तिने स्वतः फोन केला म्हणून.

आत्याने सुटी पानं टेबलावर लावली आणि तो नंबर फिरवला.

"नर्सबाई, वेळ आहे? बसा मग. वाचते."

ती वाचायला लागली, थांबत थांबत, कोरड्या आवाजात. डॅशबोर्ड दोनदा दाराशी येऊन गेला. फोन मोकळा करा, म्हणाला. तिने मान वर न करता पान उलटलं. एकशे अठ्ठाविसाव्या पानाशी पलीकडून आवाज आला, "म्हणजे मूल तिच्या बहिणीचं होय!"

"हो."

"ताई, बाकीच्यांना कोण सांगणार हे?"

आत्याने पानं नीट जुळवली. "तेच विचारायला जाते आता," ती म्हणाली, आणि फोन ठेवून केबिनकडे निघाली.