माझ्या मापाची मूठ

माझ्या वडलांचा, आबांचा पंजा म्हणजे फावडं. तरुणपणी तालमीत कमावलेला आणि पुढं सुतारकामानं निबर झालेला. शिवाजी पेठेतल्या शेडमध्ये ते धामणीच्या लाकडाची धनुष्यं करतात, आणि प्रत्येकाची मूठ आपल्याच पंजाच्या मापानं घडवायचे. तीच धनुष्यं घेऊन मी शाळेतल्या पोरींना तिरंदाजी शिकवायचे. ती जाड मूठ आमच्या हातात मावायची नाही. बाण सोडताना गर्रकन फिरायची आणि दोरी कोपराखाली चाबकासारखी बसायची. पोरींचे हात काळेनिळे. एका आईनं मला शाळेच्या फाटकातच धरलं, "मारताय व्हय पोरीस्नी?"

त्या रविवारी आबांना न विचारता मी एक मूठ कानशीनं चारी बाजूंनी पातळ केली. बाण टेकायला कडेला खाचही काढली. आबा आले, त्यांनी धनुष्य हिसकावलं.

"मूठ हाय का पेन्सिल ही?"

"माझ्या हाताला बसती, आबा."

"लाकडाला सोसत न्हाय ते!"

टेबलाच्या कडेवर आपटायला त्यांनी ते उचललं. मी मधे गेले. त्यांनी थोबाडीत दिली. दोन लेकरांची आई मी, माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. मी सगळ्या ताकदीनं त्यांना ढकललं. ते फळ्यांच्या चवडीवर पडले, भुवई फुटली. रक्त पुसतच उठले आणि धनुष्य माझ्या अंगावर फेकलं.

"ओढ मग! ओढ की आता!"

मागच्या अंगणात जाऊन मी रागानं दोरी हनुवटीपर्यंत ओढली. काडकन आवाज झाला. मूठ खाचेपाशीच तुटली आणि धनुष्याचं वरचं पातं थेट तोंडावर बसलं. दोन दात मातीत पडले. ओठ फाटून लोंबत होता.

राजारामपुरीतल्या दवाखान्यापर्यंत रिक्षात आबा मला शिव्या घालत होते आणि खांद्यावरचा टॉवेल माझ्या तोंडावर दाबत होते. इतक्या जोरात, की मला श्वास मिळेना. त्यांच्या मनगटात नखं रुतवली, तेव्हा कुठं हात सैल झाला. मला टाके पडत असताना ते बाहेर कंपाउंडरवर खेकसत होते.

ओठ भरून आल्यावर मी पुन्हा कानस घेतली. या वेळी मूठ फक्त रुंदीला कमी केली. आतल्या बाजूनं उलट एक जाड तुकडा चिकटवला आणि अंगठ्याखालच्या मांसाला टेकायला खळगा कोरला. खाच काढलीच नाही. आबांनी ती गुडघ्यावर दाबली, दगडावर हाणली. तुटेना, तसे जास्तच चिडले.

"दोरी लाव," एवढंच म्हणाले.

पोरींच्या हातांवरचे वळ गेले. आमची भांडणं गेली नाहीत. आता शेडमध्ये दोघांची दोन टेबलं आहेत. परवा एका मुठीच्या उतारावरून जुंपली आणि त्यांनी लाकडी हातोडा फेकला. तो माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. मी तो उचलला आणि त्यांच्याच अंगावर परत भिरकावला.